अंघोळीला या

“कसंय? अहो राव, सांगा ना, कसंय!”

गच्चीवरून आमचे साडू ओरडत होते आणि मी दोन मजले खाली त्यांच्या बाथरूममध्ये डोळ्यांत साबण घेऊन उभा होतो. खरं म्हणजे मी धाकट्या भावाच्या लग्नाची पत्रिका द्यायला आलो होतो. पत्रिका अजून पिशवीत होती, पिशवी दारामागच्या खुंटीला होती आणि पिशवीशेजारी माझी पँट लटकत होती.

“गरम आहे!” मी ओरडलो.

“किती गरम?”

“भरपूर!”

“भरपूर म्हणजे? चहाइतकं की वरणाइतकं?”

“वरणाइतकं!”

“ताजं वरण की सकाळचं?”

शेजारच्या घराच्या खिडकीतून एक बाई कंटाळलेल्या आवाजात म्हणाल्या, “अहो पाहुणे, ताजं म्हणून टाका. नाहीतर बाहेर सोडायचे नाहीत ते तुम्हाला.” मी ताजं म्हणालो. गच्चीवर टाळी वाजली.

सूर्य सगळ्या जगाचा आहे असं शाळेत शिकवतात, पण ती ढोबळ माहिती झाली. सूर्याचा कायमचा पत्ता मोशी, आणि मोशीतही आमच्या साडूंची गच्ची. तिथलं काम आटोपून हाताशी वेळ उरलाच, तर तो बाकीच्या पृथ्वीवर चक्कर मारतो, अशी साडूंची ठाम समजूत आहे. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. मोशीत पूर्वी जिथे कांद्याचे वाफे होते तिथे आता इमारतींचं पीक आलंय, त्या पिकात दीड गुंठ्यावर त्यांनी दोन मजली घर बांधलं आणि घराला रंग लावायच्या आधी गच्चीवर सोलर बसवला. लोक वास्तुशांतीला देवाची मूर्ती घरात आणतात. यांनी पाणी तापवायची टाकी वाजतगाजत जिन्यावरून नेली. ती कोपऱ्यावर अडकली तेव्हा भटजींनासुद्धा खांदा द्यायला लावला होता म्हणे. मी त्या दिवशी नव्हतो, पण भटजी अजून वाकून चालतात हे मी स्वतः पाहिलं आहे.

तर अशा या घरात पाहुण्याला कोणी “चहा घेणार का?” असं विचारत नाही. “अंघोळ करणार का?” असंही विचारत नाही. दारात चप्पल काढेपर्यंत खांद्यावर टॉवेल पडतो. इतर लोक फोन करून जेवायला बोलावतात, साडू अंघोळीला बोलावतात. “गुरुवारी या सगळे अंघोळीला. पाणी फुकट जातंय राव!” दिवसभर तापलेलं टाकीभर पाणी संध्याकाळी कुणाच्याही अंगावर न पडता तसंच राहिलं, की यांना अन्न वाया गेल्यासारखं होतं. मग मीटर रीडिंग घ्यायला आलेला माणूस, वर्गणी मागायला आलेली मंडळाची पोरं, निवडणुकीत हात जोडत आलेला उमेदवार, कोणीही चालतं. तो उमेदवार निवडून आला आणि त्यानंतर पाच वर्षं त्या गल्लीत फिरकला नाही. लोक म्हणतात तो सगळ्यांसारखाच निघाला. मला विचाराल तर त्याला टॉवेलची धास्ती होती.

अंघोळीच्या आधी गच्चीदर्शन असतं. ते चुकवता येत नाही. साडू तुम्हाला वर नेतात आणि सोलरच्या एकेका भागाची अशी ओळख करून देतात, जणू घरातली माणसं ओळीने बसवून ठेवली आहेत. सगळ्यात वर, उंच ओट्यावर, गार पाण्याची काळी टाकी. “ही आमची सासू. हिच्याकडून खाली येईल तेवढंच पाणी, बाकी कुणाचं काही चालत नाही.” तिच्या खाली तिरप्या रांगेत काचेच्या लांब नळ्या. “ही पोरं. दिवसभर उन्हात राबतात, एकही ओव्हरटाइम मागत नाही.” त्या नळ्यांच्या डोक्यावर आडवी झोपलेली गरम पाण्याची गोल टाकी. “ही घरची लक्ष्मी. हिच्या पोटात कोट आहे, आतली ऊब बाहेर जाऊ देत नाही.” मग नळीच्या तोंडाची रबरी रिंग, लोखंडी स्टँड, खाली जाणारा पाइप, गार पाण्याचा कॉक, सगळ्यांचे गुण सांगून होतात. फक्त टाकीच्या पाठीवर एक उभी, वरून उघडी नळी होती, तिच्यापाशी आले की साडू नजर चुकवायचे. घरात एखादा पिणारा चुलता असावा आणि पाहुण्यांसमोर त्याचं नाव निघू नये, तसं. मी एकदा विचारलं, “आणि ही?” तर म्हणाले, “ती हवेची नळी. ती सोडा.”

ती का सोडायची, हे कळायला साडूंची नोकरी माहीत पाहिजे. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत त्यांनी उभी हयात मेंटेनन्सला काढली, आणि त्यांचं खास काम होतं गळती शोधण्याचं. अशा कारखान्यात मशीनांना दाबाची हवा लागते. ती पाइपांतून सगळीकडे खेळवलेली असते आणि कुठेतरी जोडातून फुस्स करत निसटत असते. हवा दिसत नाही, तिला वास नाही, म्हणून लोकांना वाटतं ती फुकट आहे. साडू पाइपाला कान लावून, ब्रशाने साबणाचं पाणी फासत, फुगा आला की “सापडला!” म्हणून आरोळी ठोकत शेडभर फिरायचे. दरवर्षी गळतीबंद कामगिरीचं बक्षीस यांनाच. बक्षीस म्हणून कंपनी भिंतीवरचं घड्याळ द्यायची. त्यामुळे साडूंच्या घरी प्रत्येक खोलीत घड्याळं आहेत आणि प्रत्येकाचं मत वेगळं आहे.

अशा माणसाला रिटायर करून घरी पाठवणं हे कंपनीच्या दृष्टीने ठीक होतं, घराच्या दृष्टीने नव्हतं. निसटती हवा त्यांना सहनच होत नाही. कुकरची शिट्टी म्हणजे त्यांच्या लेखी भर दिवसा पडलेला दरोडा. शिट्टी फुरफुरायला लागली की ते धावत जाऊन गॅस बारीक करतात, त्यामुळे त्या घरातल्या तुरीच्या डाळीला दाताखाली वाजायची सवय झाली आहे. माझ्या भाचीच्या वाढदिवसाला त्यांनी सगळ्या फुग्यांच्या गाठींना साबणाचं पाणी लावून पाहिलं आणि केक कापायला उशीर केला. एका लग्नात सनई चालू असताना माझ्या कानाशी येऊन कळवळून म्हणाले, “बघा हो, किती हवा वाया घालवतोय! आणि ती भोकं सगळी उघडी!” मी रात्री घोरतो म्हणून त्यांच्याकडे मुक्कामाला राहायचं सोडलं. एकदा जाग आली तर ते साबणाची वाटी घेऊन माझ्या उशाशी बसलेले होते. आता ती वाटी माझ्यासाठीच होती असं मी छातीठोक सांगणार नाही, पण ब्रश ओला होता.

त्यांची मुलगी अश्विनी. एकुलती एक. तिचं लग्नसुद्धा या सोलरवरच जुळलं. पहिलं स्थळ पुण्याचं होतं, मुलगा चांगला शिकलेला, आयटीतला. चहा-पोह्यांच्या आधी त्याला टॉवेल मिळाला. तो बिचारा शॉवरखाली गेला आणि निवांत गाणं म्हणत राहिला. साडू बाहेर भिंतीतल्या पाइपाला कान लावून उभे होते. त्याचं दुसरं कडवं सुरू झालं आणि त्यांनी मान हलवली. “ज्याला तोटी बंद करायचं भान नाही, तो संसार काय बंदोबस्तात करणार?” दुसरं स्थळ तळेगाव दाभाड्याच्या बाजूचं, मूळचं मावळातलं शेतकरी घर, मुलगा तिथल्याच एमआयडीसीत. त्याने बादली भरली, तोटी घट्ट पिळली, एका बादलीत अंघोळ उरकली आणि उरलेलं तांब्याभर पाणी कुंडीतल्या तुळशीला घातलं. साडू बैठकीत आले ते डोळे पुसतच. पत्रिका जमते की नाही हे त्यानंतर कोणी पाहिलंच नाही.

तर त्या अश्विनीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, हे तर ठरलेलंच. साडूंनी वरच्या खोलीतली घड्याळं काढली, पाळण्याच्या कड्याला तेल दिलं, खिडकीच्या फटी बुजवल्या. एकीकडे फटी बुजवत होते आणि दुसरीकडे येईल त्याला सांगत होते की मला काय, पोरगी इथे असली काय आणि तिथे असली काय, सारखंच आहे. हे सांगताना त्यांचा आवाज असा काही व्हायचा, की समोरचा माणूस पाणी आणून द्यायचा. घोडं अडलं ते गिझरपाशी. अश्विनीची सासू, म्हणजे आमच्या साडूंची विहीण, ही मावळातली भक्कम बाई. गोठ्यातल्या म्हशी तिच्या नुसत्या खाकरण्यावर ओळीत उभ्या राहतात असं ऐकून आहे. तिने फोनवर सरळ सांगितलं, “पाव्हनं, आखाडात बाळ यायचंय. ढगात कुठला सूर्य? बाळंतिणीला दोन टायमाला कढत पानी लागतंय. गिझर बसवा, मग न्या लेक. न्हाईतर हितं समदं हाय.”

गिझर! साडूंच्या घरात हा शब्द लहान मुलांसमोर उच्चारत नाहीत. “माझ्या गच्चीवर सूर्य असताना मी भिंतीत वीज घालू?” असं म्हणून ते एवढे तापले, की ताई म्हणाल्या, “तुम्हीच बसा टाकीत.” ताई म्हणजे माझी थोरली मेहुणी. या बाईने तीसेक वर्षं कच्ची डाळ हसत खाल्ली आहे. त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “भाऊजी, गिझर कालच्या काल आला असता हो. पण यांना विचारलं की अंगावर येतो माणूस. आणि पोरगी तिकडे राहिली ना, तर हेच पहिले आजारी पडतील.” मी अश्विनीलाही फोन केला. ती म्हणाली, “काका, मला यायचंय. पण इकडच्या आई म्हणतील तसं. मी मध्ये पडले की दोघंही ओरडतात.”

शेवटी साडूंनी विहीणबाईंना आव्हान दिलं. आव्हान कसलं, तर अंघोळीचं आमंत्रणच. गुरुवारी, म्हणजे आमच्या पट्ट्यातल्या कारखान्यांची सुट्टी त्या दिवशी, सकाळी मोशीला यायचं, डोक्यावरून न्हायचं आणि आखाडातल्या ढगांखालीसुद्धा पाणी कढत निघालं तर सुनेला धाडायचं. विहीणबाई कबूल झाल्या. मला काळेवाडीहून साक्षीदार म्हणून बोलावलं. मी घरून अंघोळ न करताच निघालो, तेवढी अक्कल आता आली आहे.

त्या आठवड्यात ढगांनी असा काही मुक्काम टाकला होता, की इंद्रायणीच्या काठावरचे बगळेसुद्धा राखाडी दिसत होते. पण साडू हरणारे नव्हते. बुधवारी दुपारी तासभर ऊन पडलं होतं, तेवढ्यावर तापलेली ऊब त्यांनी जपून ठेवली होती. मी गच्चीवर गेलो आणि टाकी ओळखूच आली नाही. तिला घरातल्या सगळ्या गोधड्या गुंडाळल्या होत्या, त्यावर ताडपत्री, त्यावर लग्नातली शाल, आणि तोंडाशी साडूंची स्वतःची कानटोपी. बाळंतीण अजून तळेगावलाच होती, पण बाळंतिणीचा थाट टाकीने आधीच उरकून घेतला होता. “आता बघा,” साडू माझ्या कानात म्हणाले, “गार पाण्याचा कॉक बंद केलाय. नवं गार पाणी आत येऊन गरमात मिसळायचं कामच नाही. आणि ती हवेची नळी, काल कान लावला तर फुस्स चालूच होतं! माझ्या स्वतःच्या घरात, एवढी वर्षं! लाकडी बूच ठोकलं आणि वरून एमसील लावलं. आता एक कणसुद्धा ऊब बाहेर जायची नाही.”

वाचकहो, ज्या टाकीत पाणी येणार नाही, हवा येणार नाही आणि जिच्यातून खाली दोन मजले पाणी ओढलं जाणार आहे, तिचं काय होतं हे तुम्हाला कळलं असेल. मला कळलं नाही. मी म्हणालो, “वा!” साडूंनाही कळलं नाही, आणि त्यांचा तर तोच धंदा होता. पण गळती दिसली की बंद करायची एवढं एकच ज्या हातांना वर्षानुवर्षं शिकवलं, त्यांनी समोर नाकपुडी आली तरी तीच बुजवली असती.

जावयाने विहीणबाईंना दारात सोडलं आणि तो मित्राकडे सटकला. सासऱ्याच्या घरची अंघोळ चुकवायची तेवढी एकच वाट त्याला सापडली होती. विहीणबाई टॉवेल न घेता स्वतःचं लुगडं-साबण घेऊन आत गेल्या. साडू गच्चीच्या कठड्याशी, मी जिन्यात, ताई स्वयंपाकघराच्या दारात. आतून तोटीचा आवाज आला. मग बराच वेळ काही नाही. मग विहीणबाईंचा खणखणीत आवाज आला, “कढत हाय की वो!”

साडूंनी आकाशाकडे पाहून हात जोडले. ढगांना नमस्कार करणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. आत बादली भरत होती, ताई तोंडाला पदर लावून हसत होत्या, अश्विनी घरी आल्यातच जमा होती. आणि मग तोटीला दम लागला. धार बारीक झाली, थांबली, घुटमळली, पुन्हा आली. विहीणबाईंनी तोटी पूर्ण उघडली असावी. वर गोधड्यांच्या आत काहीतरी कण्हलं. आणि मग असा आवाज झाला, की शेजारच्या बाई खिडकीतून म्हणाल्या, “गेले का पाहुणे?”

आम्ही धावलो. ताडपत्रीखालची टाकी कुणीतरी मुठीत धरून रिकामा डबा चेपावा तशी आत गेली होती. कानटोपी लांब जाऊन पडली होती. एक-दोन नळ्या तडकल्या होत्या. साडू तिच्याजवळ बसले आणि त्यांनी सवयीने तिला कान लावला. मला वाटलं आता ओरडतील. माझ्यावर, ढगांवर, बुचावर. त्यांनी तिच्यावरून नुसता हात फिरवला. मी चेष्टा करायला तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं.

“हा सोलर मी तिच्यासाठी बसवला होता,” ते म्हणाले. “बालवाडीत होती. मी कायम तिसऱ्या पाळीला. मी यायचो तेव्हा तिची शाळेची घाई, मी उठायचो तेव्हा झोपलेली. पाणी तापवण्यातच हिची सकाळ जायची, पोरगी वाट बघत रडायची. सोलर आला आणि पाणी तयार मिळायला लागलं. मग तिची अंघोळ माझ्याकडे आली. दिवसातला तेवढाच वेळ ती माझी असायची राव. डोळ्यांत साबण जाईल म्हणून माझा शर्ट धरून ठेवायची.”

एवढं बोलून ते गोधड्यांची घडी घालायला लागले. मीही दुसरं टोक धरलं. माणसाला आपण वर्षानुवर्षं विक्षिप्त म्हणून जेवणावळीत वाढत असतो, आणि तो आपला एका लहान मुलीसाठी पाणी गरम ठेवत बसलेला असतो. दिसतं तेवढंच आपण सांगतो, आणि सांगायला तेवढंच सोपं असतं.

खाली आलो. विहीणबाई बाथरूमच्या दारात उभ्या होत्या. अंगाला लुगडं कसंबसं गुंडाळलेलं, केसांना फेस, भुवयांवर फेस. ताई मान खाली घालून उभ्या. साडू त्यांच्यासमोर गेले. आख्ख्या मोशीला ज्यांचा आवाज गच्चीवरून ऐकू जातो, त्यांचा आवाज मला हाताच्या अंतरावरून जेमतेम ऐकू आला.

“विहीणबाई, टाकी गेली. उद्या गिझर लावतो. दोन लावतो. पण पोरीला... पाठवाल ना?”

विहीणबाईंनी एका हाताने डोळ्यावरचा फेस निपटला.

“धाडते. आधी चुलीवर बादलीभर पानी ठेवा, साबन वाळाया लागलाय.”